पश्चात्ताप, उपासना आणि मनाचं नवं होणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातली, लहानशी. मी तिथे वडील (एल्डर), म्हणजे मंडळीची देखरेख करणारा, म्हणून सेवा करतो, बाकीचे दिवस केळीच्या बागेत जातात. उपासना संपल्यावर दाराशी चपला शोधता शोधता लोक काही विचारतात. कॉटेज मीटिंगनंतर, म्हणजे कोणाच्या घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेनंतर, चहाच्या वेळी काही हळूच निघतं. रात्री उशिरा फोनवर काही लिहून येतं. ते सगळं मी वहीत टिपत आलो. नंदुरबार, धुळे, भुसावळकडूनही तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहिली. दोन प्रश्न एकमेकांत गुंतले असतील तिथे दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिला आहे. विचारणाऱ्याची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

१. पश्चात्ताप म्हणजे नेमकं काय? केलेल्याचं वाईट वाटतं, रडू येतं, तेवढं पुरेसं नाही का?

नाही. रडू येणं चांगलं, पण ती सुरुवात. जुन्या करारातला इब्री शब्द आहे 'शूब', म्हणजे मागे फिरणं, परत येणं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेतानोइया', म्हणजे मन पालटणं. आपल्या मराठी शब्दात 'ताप' आहे, त्यामुळे आपलं सगळं लक्ष आतल्या जळजळीकडे लागतं आणि फिरायचं राहून जातं. जळगावच्या स्टँडवरून धुळ्याला निघालेला माणूस चुकून भुसावळच्या गाडीत बसला, तर नशिराबाद येईपर्यंत कितीही हळहळला तरी धुळं जवळ येत नाही. उतरावं लागतं, रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला उभं राहावं लागतं.

पेत्र आणि यहूदा इस्कर्योत यांच्याकडे नीट पाहा. दोघेही येशूचे शिष्य : यहूदानं त्याला धरून दिलं, पेत्रानं 'मी त्याला ओळखत नाही' म्हणून नाकारलं. वाईट दोघांनाही वाटलं. यहूदाला तर इतकं वाटलं की तो चांदीची तीस नाणी परत करायला गेला, 'मी पाप केलं' असंही म्हणाला (मत्तय २७). पण गेला तो याजकांकडे, येशूकडे नाही. त्यांनी 'त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ' म्हणून हात झटकले आणि तो तिथेच संपला. पेत्र रडला आणि पुढे येशू किनाऱ्यावर दिसताच होडीतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे निघाला. दोघांच्या दुःखाची खोली मी मोजू शकत नाही. दुःख घेऊन ते कोणाकडे गेले, एवढा फरक मात्र स्पष्ट दिसतो. पौलही करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (७:१०) दोन दुःखं वेगळी करतो : एक देवाकडे नेणारं, दुसरं मरणाकडे.

२. पश्चात्ताप आणि प्रायश्चित्त एकच का? नातेवाईक विचारतात, 'तुमच्यात पापाला दंड काय?'

एक नाही. गावात चूक झाली की दंड भरायचा आणि प्रकरण मिटवायचं, ही रीत आपल्या अंगात मुरलेली आहे. त्यामुळे देवाशीही हिशोब करावासा वाटतो : इतके उपास, इतकं अर्पण, मग फिटंफाट. मराठी पवित्र शास्त्रात मात्र प्रायश्चित्त हा शब्द येशूबद्दल येतो. तोच आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे (योहानाचे पहिले पत्र २:२). किंमत त्यानं वधस्तंभावर दिली. आपल्या वाट्याला फिरणं येतं, विकत घेणं नाही. कॅथलिक मंडळीत पापनिवेदनाला प्रायश्चित्त संस्कार म्हणतात, आणि धर्मगुरू त्या वेळी प्रार्थना किंवा एखादं सत्कृत्य करायला सांगतात. तीही क्षमेची किंमत नसते. जखमेवर बांधलेल्या पट्टीसारखी ती असते. मग माणसाचं नुकसान केलं ते भरायचं की नाही? भरायचं. त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

३. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पश्चात्ताप केला होता. आता पुन्हा कशाला?

शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू पाय धुवायला लागला तेव्हा पेत्र म्हणाला, मग हातही धू, डोकंही धू. येशूनं सांगितलं, ज्याची आंघोळ झाली आहे त्याला पायच धुवायचे असतात (योहान १३). आपल्या काळ्या मातीत राहणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. सकाळी स्वच्छ आंघोळ करून गेलेला माणूसही पावसाळ्यात शेतातून आला की दारातल्या दगडावर पाय घासतो, मगच आत येतो. बाप्तिस्मा एकदाच, पाय रोज. मार्टिन ल्यूथरनं १५१७ साली जे ९५ मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच असा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं अशी ख्रिस्ताची इच्छा आहे.

४. खरी उपासना कशी ओळखायची? आमच्याकडे काही म्हणतात जुनी गीतंच बरी, काही म्हणतात कीबोर्ड-ऑक्टोपॅडशिवाय आत्मा हलत नाही.

शोमरोनी बाईनं विहिरीवर असाच वाद येशूपुढे ठेवला होता : आमचा डोंगर खरा की तुमचं यरुशलेम? येशूनं डोंगरही निवडला नाही, शहरही नाही. आत्म्यानं आणि खरेपणानं, असं त्यानं सांगितलं (योहान ४). आणि हे सांगण्याआधी त्यानं तिच्या घरातली गोष्ट काढली, पाच नवऱ्यांची. उपासनेचा विषय तो आधी घरात नेतो, हे माझ्या मनातून जात नाही.

वाद्यांबद्दल एवढंच सांगेन. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-ओवीच्या वळणावर ख्रिस्ती भजनं रचली. टाळ-मृदंगावर ख्रिस्ताचं नाव घेणं तेव्हा कित्येकांना खटकलं असेल. आज तीच गीतं आपण 'जुनी आणि पवित्र' म्हणून म्हणतो. तेव्हा ऑक्टोपॅडवर रागावण्याआधी थोडं थांबा. आणि ऑक्टोपॅडवाल्यांनो, आमोसाचा पाचवा अध्याय वाचा. देव म्हणतो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट दूर करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. मजुराची मजुरी शनिवारच्या बाजारापर्यंत अडवून ठेवायची आणि रविवारी हात वर करायचे, हे त्याला चालत नाही, मग वाद्य कोणतंही असो.

५. माझी आजी अहिराणीतच प्रार्थना करते. मंडळीत लोक हसतात. शुद्ध मराठीत करायला शिकवू का?

शिकवू नका. पेंटेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या प्रत्येकानं देवाची महत्कृत्यं आपापल्या जन्मभाषेत ऐकली (प्रेषितांची कृत्ये २). देवाला मराठीच समजते असं कुठे लिहिलेलं नाही. आमच्या मंडळीतली एक म्हातारी माय डोळे मिटून एवढंच म्हणते : 'देवबा, मी चुकनू, मना पोरसले सांभाय.' माझ्या पंधरा मिनिटांच्या प्रार्थनेत कधी कधी तेवढाही खरेपणा नसतो. पापाची कबुली आईच्या भाषेत दिली की लपायला जागा राहत नाही. पुस्तकी भाषेत 'आमच्या हातून अपराध घडले' म्हणता येतं आणि कोणता अपराध ते सांगायचं टाळता येतं. मावची, पावरी, भिली बोलणाऱ्या भावाबहिणींनाही हेच सांगेन.

६. भावाशी बांधावरून वाद आहे, कोर्टात केस चालू आहे. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी-प्याला घेणं) घेऊ का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांब आहे.

मत्तय ५:२३-२४ वाचताना आपण एक गोष्ट चुकवतो. येशू असं म्हणत नाही की तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर जा. तो म्हणतो, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं वेदीजवळ आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. म्हणजे मला राग नाही, मी त्याला माफ केलंय, हे सांगून सुटता येत नाही. त्याला माझ्यामुळे काय सोसावं लागलं, हा प्रश्न आहे.

माझंच सांगतो. विहीर आम्हा दोघा चुलतभावांत सामाईक. एका एप्रिलमध्ये शेतीची लाईट रात्रीची होती, पाळी त्याची होती, आणि दोन रात्री मी व्हॉल्व्ह माझ्या बाजूला फिरवून ठेवला. माझी बाग तगली. त्याचे घड पोसले नाहीत. त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, मोटारच बंद पडली होती. तीन वर्षं आम्ही एकाच विहिरीच्या काठावर उभे राहून एकमेकांशी बोललो नाही. आणि त्या तिन्ही वर्षांत मंडळीत दर रविवारी गाणं मीच धरत होतो. हे लिहिताना आजही हात अडखळतो.

एका प्रभुभोजनाच्या रविवारी हेच वचन वाचलं गेलं. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं, मी ते न घेता पुढे दिलं. उपासना संपल्यावर घरी न जाता थेट त्याच्या बागेत गेलो. तो विळ्यानं केळीचे पील कापत होता. मी म्हणालो, 'भाऊ, मी चुकनू. मोटार चालूच व्हती. माले माफ कर.' त्यानं वर पाहिलं नाही. ती ओळ त्यानं पूर्ण केली, चाळीसेक झाडं असतील, आणि मी त्याच्या मागे मागे तसाच चालत राहिलो. ओळ संपल्यावर विळा खोडाला टेकवून तो म्हणाला, 'माले तव्हयच ठाऊक व्हतं.' बस्स. त्या दिवशी गळाभेट वगैरे काही झाली नाही. पुढच्या कटाईनंतर मी त्याच्या घडांचे पैसे घेऊन गेलो, त्यानं ते मोजून घेतले. त्यानं मोजून घेतले याचा मला फार आनंद झाला, कारण फेडायची संधी त्यानं मला दिली होती.

आता तुमच्या केसबद्दल. वाटणीचा दावा चालू असणं हे आपोआप पाप नाही. बांध कुठून जातो हे ठरवायला मोजणी लागते, कधी कोर्टही लागतं. पण स्वतःला विचारा : कागदात, साक्षीत काही खोटं आहे का? त्याच्या पोराच्या लग्नाला जायचं मुद्दाम टाळलं का? त्याची म्हैस मेली तेव्हा मनातून बरं वाटलं का? याचं उत्तर 'हो' असेल तर आधी त्याच्या दारात जा. तो दार लावून घेईल, कदाचित शिव्याही देईल. रोमकरांस पत्रात (१२:१८) पौल 'तुमच्याकडून होईल तितकं' सर्वांबरोबर शांतीनं राहा म्हणतो. तुमच्याकडून जायचं होतं तेवढं तुम्ही गेलात, की प्रभूच्या मेजाशी या. करिंथकरांस पहिल्या पत्रात (११:२८) आधी स्वतःची परीक्षा करावी असं आहे, पण वाक्य तिथे संपत नाही. परीक्षा करून मग त्या भाकरीतून खावं, असं ते आहे. परीक्षा ही घेण्यासाठी आहे, कायमचं बाहेर राहण्यासाठी नाही.

७. मी कापसाचा व्यापार करायचो. काट्यात मारलं, वर्षानुवर्षं. आता कोणाकोणाला परत देऊ?

जक्कय जकातदारानं अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परत देतो असं सांगितलं (लूक १९). क्रम लक्षात ठेवा : आधी येशू त्याच्या घरी उतरायला निघाला, मग जक्कय हे बोलला. परतफेड ही येशूला घरी बोलावण्याची फी नव्हती. तो आला म्हणून हात सैल झाले.

मोशेच्या नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढरामागे चार मेंढरं द्यायची आहेत (निर्गम २२:१), आणि स्वतःहून कबूल करणाऱ्यानं मुद्दल अधिक पाचवा हिस्सा द्यायचा आहे (गणना ५:७). घेणारा उरला नसेल आणि त्याचा जवळचा नातलगही नसेल, तर ते परमेश्वराचं म्हणून याजकाकडे द्यायचं, असंही तिथेच पुढे आहे. तुमच्यासाठी व्यवहारातला मार्ग असा : जुन्या वह्या काढा. ज्यांची नावं आठवतात त्यांच्या घरी जा, अंदाजानं जास्तच धरा, हातात द्या आणि कशाचे पैसे ते तोंडानं सांगा. 'तुमचं काही राहिलं होतं' असं मोघम सांगून पाकीट देऊ नका. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्या वाट्याचं गरिबाला द्या. मात्र ते अर्पणपेटीत टाकून दानशूर म्हणून नाव वाचून घेऊ नका. ते दान नाही, उधारी आहे.

८. पापाची कबुली कोणाजवळ द्यायची? देवाजवळ, पाळकाजवळ, की सगळ्या मंडळीपुढे?

पाप देवाविरुद्ध आहे, तेव्हा आधी देवाजवळ. कबूल केलं तर तो क्षमा करायला विश्वसनीय आणि न्यायी आहे (योहानाचे पहिले पत्र १:९). माणसाचं केलं असेल तर त्या माणसाजवळही. कॅथलिक भाऊबहिणी गंभीर पापांची कबुली वर्षातून निदान एकदा धर्मगुरूजवळ देतात, आणि ऐकलेलं कोणालाही न सांगण्याचं कडक बंधन धर्मगुरूवर असतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपासनेत सगळे मिळून कबुली म्हणतात, पण याकोब (५:१६) एकमेकांजवळ पापं कबूल करा असंही सांगतो. एकट्यानं कबुली देताना माणूस स्वतःला फार लवकर सोडून देतो. दावीद राजालाही त्याचं पाप तोंडावर सांगायला नाथान संदेष्टा लागला.

सगळ्या मंडळीपुढे उभं राहण्याआधी मात्र विचार करा. गुप्त पाप गुप्तपणे, उघड पाप उघडपणे, असा साधा नियम पाळावा. तुमच्या साक्षीत दुसऱ्याचं नाव, विशेषतः एखाद्या बाईचं, निघत असेल तर ती साक्ष देऊ नका. लहान मंडळीत सकाळचं बोलणं संध्याकाळी पाणवठ्यावर पोहोचतं, आणि तुमचं मन हलकं होताना तिचं आयुष्य जड होतं. ऐकलेलं पोटात ठेवणारा एक माणूस निवडा : पाळकसाहेब, पाळकीणबाई, एखादा म्हातारा वडील. आणि ज्याच्याजवळ कबुली आली त्यानं ती प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखालीही फिरवू नये.

९. संजीवन सभेत (विश्वास नव्यानं जागवायच्या सभेत) मन पेटतं. पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे. आमच्यातच खोट आहे का?

खोट सभेतही नाही आणि तुमचा अनुभवही खोटा नाही. पण केळीवाल्याला कळेल अशी एक गोष्ट सांगतो. पंप चालू असतो, मेन लाईनमध्ये दाब असतो, आणि तरी ठिबकच्या ओळीच्या टोकाची झाडं माना टाकतात. आपल्याकडचं पाणी क्षाराचं. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. दाब वाढवून उपयोग नसतो. ॲसिड सोडावं लागतं, मग ओळीच्या टोकाची बूच उघडून नळी धुवावी लागते. आधी तपकिरी, गाळाचं पाणी येतं, त्याला वास असतो. मग हळूहळू नितळ धार लागते. बूच न उघडता धुतलं तर सुटलेला गाळ आतच फिरतो आणि पुढचा ड्रिपर बुजवतो. आणि हे एकदा करून भागत नाही, हंगामात पुन्हा पुन्हा करावं लागतं.

सभेत दाब वाढतो. बूच उघडायचं काम घरी येऊन करावं लागतं : ते एक पत्र, तो एक फोन, ती एक उधारी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन झालं, त्याची आठवण आपण सभांमध्ये काढतो. त्याआधी पंडिता रमाबाईंच्या आश्रमात महिनोन्महिने रोजची प्रार्थना चालली होती, हे मात्र कमी सांगितलं जातं. दुष्काळातून आणलेल्या मुलींना जेवू घालणं, शिकवणं, हे सगळं सांभाळून ती प्रार्थना चालायची. सभेची तारीख ठरवण्याआधी आपल्या मंडळीत पाच माणसं रोज पहाटे अर्धा तास बसतील का, हे आधी पाहावं असं माझं ठाम मत आहे.

१०. दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला गुजरातेत जातो. मार्चपर्यंत मंडळी नाही, पाळक नाही. विश्वास थंड होतो.

दोघे किंवा तिघे माझ्या नावानं जमतील तिथे मी आहे, हे येशूचं वचन (मत्तय १८:२०) ऊसाच्या फडालाही लागू आहे. दिवसभर कोयता चालवून आलेल्या माणसाला तासाची सभा झेपत नाही, आणि देव ती मागतही नाही. भाकरी होईपर्यंत कोपीसमोर, म्हणजे फडावरच्या झोपडीसमोर, एक गीत, फोनच्या उजेडात दहा ओळी वचन, आणि 'आज कोणाशी वाकडं बोललो' एवढी एक गोष्ट प्रत्येकानं सांगायची. नंदुरबारकडच्या एका टोळीनं एक हंगाम असं केलं. त्यांचा मुकादम ख्रिस्ती नाही. तोच परत आल्यावर सांगत होता, या वर्षी टोळीत भांडण झालं नाही.

११. उपास करायलाच हवा का? राखेच्या बुधवारपासून चाळीस दिवस पाळायचे तर उन्हात काम कसं करायचं?

राखेचा बुधवार ते ईस्टर असे सेहेचाळीस दिवस होतात. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून उपासात धरत नाहीत, उरतात ते चाळीस. सगळ्या मंडळ्या हा काळ पाळत नाहीत आणि पाळला नाही म्हणून कोणी कमी होत नाही. पाण्याशिवायचा उपास आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात मजुरानं करू नये. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही. एक जेवण सोडा, चहा सोडा, तंबाखू सोडा, आणि वाचलेलं उपाशी माणसाच्या ताटात जाऊ द्या. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपास असाच आहे. योएल सांगतो, वस्त्रं फाडू नका, हृदय फाडा.

१२. मोहाची दारू सोडतो म्हणून शपथ घेतली, सात वेळा. सात वेळा मोडली. आता देवाला तोंड कसं दाखवू?

त्याच तोंडानं. जो पेत्राला सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगतो, तो स्वतः आठव्या वेळी दार लावणार नाही. नीतिसूत्रांत (२४:१६) नीतिमान सात वेळा पडतो आणि पुन्हा उठतो. न पडणारा असं तिथे लिहिलेलं नाही.

पण आता शपथ घेऊ नका, रस्ता बदला. आठवड्याचा पगार थेट बायकोच्या हातात जाऊ द्या. गुत्त्यावरून येणारी वाट सोडा, लांबची पडली तरी. संध्याकाळी सहा ते आठ मंडळीतल्या एकाच्या घरी बसायचं ठरवा. आणि ही गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो : वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात थरथरतात, झटके येऊ शकतात, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. आधी सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे.

१३. नवरा पिऊन मारतो. सकाळी पाया पडून, रडून माफी मागतो. सत्तर वेळा सात म्हणून मी राहतच राहू का?

ताई, नाही. वरचं उत्तर त्याच्यासाठी आहे, तुम्हाला बांधून ठेवायला नाही. क्षमा करणं म्हणजे मनातला सूड देवाच्या हाती देणं. मार खायला परत त्याच खोलीत जाणं, हा क्षमेचा अर्थ कोणी सांगत असेल तर तो चुकीचं शिकवतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानं पश्चात्तापाला शोभेल असं फळ मागितलं (मत्तय ३:८). फळ यायला हंगाम लागतो, ते सकाळच्या रडण्यात दिसत नाही. ते फळ दिसेपर्यंत तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी राहा : माहेरी, पाळकाच्या घरी, कुठेही. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे, तातडीला ११२. मंडळीतल्या वडिलांनी 'घरातलं घरात मिटवा' असं म्हणू नये. असं म्हणणाऱ्यालाच पश्चात्तापाची गरज आहे.

१४. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी गेले. माहेरचे ख्रिस्ती नाहीत. झोक्यावर बसले, मैत्रिणींबरोबर गाणी म्हटली, सांजोऱ्या खाल्ल्या. पाप झालं का?

झोक्यावर बसणं, आईच्या हातचं खाणं, हे पाप नाही. सासुरवाशिणीला वर्षातून एकदा माहेर मिळतं, ते देवाचंच देणं आहे. ज्याला नमन करायचं तो एकच, एवढं मनाशी पक्कं असू द्या. पूजेच्या वेळी बाजूला बसलात तर आईला आधीच प्रेमानं सांगून ठेवा. खाण्यापिण्याबद्दल एखादीचं मन टोचत असेल तर तिनं खाऊ नये, आणि खाणाऱ्या बहिणीला नावंही ठेवू नयेत. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय यासाठीच आहे. पश्चात्ताप आपल्या पापाचा करायचा असतो, आईवडिलांच्या देवघराचा नाही. माहेरच्यांना तुच्छ लेखून बोलला असाल, तर तेवढ्याची मात्र माफी मागा.

१५. क्षमा न होणारं पाप माझ्या हातून झालं असेल अशी भीती वाटते. रात्र रात्र झोप नाही.

मार्क ३:२८-३० मध्ये येशू ज्यांना हे बोलला, ते त्याची चांगली कामं डोळ्यांनी पाहूनही ती सैतानाची आहेत असं म्हणत होते. त्यांना भीतीही वाटत नव्हती आणि क्षमाही नको होती. तुम्हाला हवी आहे. ज्याला परत यायचं आहे त्याच्यासाठी देव उधळ्या मुलाच्या गोष्टीतल्या बापासारखा दूरवरूनच पाहून धावत येतो (लूक १५). झोप अनेक दिवस येत नसेल, जेवण जात नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरलाही भेटा.

१६. ज्याचं वाईट केलं तो माणूस वारला. आता कोणाकडे जाऊ?

हे मला एका मुलानं विचारलं. बापाच्या शेवटच्या आजारपणात तो सुरतेला होता, फोन उचलत नव्हता. प्रश्न ७ मधला पैशाचा मार्ग इथे पुरत नाही.

वारलेल्याशी बोलायला आपल्याकडे साधन नाही, पण तो ज्या प्रभूच्या हाती गेला आहे त्याच्याशी बोलता येतं. ती कबुली बिनशब्दांची ठेवू नका. काय केलं, कोणत्या महिन्यात, काय बोललो, कोणता फोन उचलला नाही, ते नाव घेऊन सांगा. मग जे जिवंत आहेत त्यांच्याकडे जा. त्या मुलाची आई होती. तो तिच्याजवळ चुलीपाशी बसला आणि म्हणाला, बाबांचा फोन मी मुद्दाम घेत नव्हतो. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. म्हणाली, त्यांनी मला सांगितलं होतं, पोरगा कामात असेल, परत नको लावू.

तो बराच वेळ तिथेच बसून राहिला. तव्यावरची भाकरी झाल्यावर तिनं ती त्याच्या ताटात वाढली.